झुरळाचा नवा पाय

विद्यार्थी मित्रांनो, रात्री दिवा लावताच मोरीकडे पळणारे झुरळ तुम्ही पाहिले असेलच. पण पांढरे झुरळ कधी पाहिले आहे का? कोणी म्हणते, "ही वेगळीच जात आहे." कोणी म्हणते, "ते आजारी आहे." या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या झुरळाने नुकतीच कात टाकलेली असते.

आपली हाडे शरीराच्या आत असतात. झुरळाला हाडे नसतात. त्याच्या अंगावर कायटिन नावाच्या पदार्थाचे कवच असते. पिल्लाचे शरीर वाढते, पण हे टणक कवच वाढत नाही. मागच्या वर्षीचा गणवेश यंदा तुम्हांला घट्ट होतो, तसेच हे कवचही घट्ट होते. मग त्याच्या खाली नवे, मऊ कवच तयार होते. पिल्लू हवा गिळून अंग फुगवते. जुने कवच पाठीवर चिरते आणि पिल्लू बाहेर येते. काही तासांत त्याचा पांढरा रंग जाऊन ते तपकिरी होते. आपल्या घरांत दिसणारे मोठे, तांबूस अमेरिकन झुरळ प्रौढ होईपर्यंत साधारण 10 ते 13 वेळा कात टाकते.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. शत्रूने पाय पकडला, तर पिल्लू पाय तिथेच सोडून पळते. पाय मांडीजवळच्या ठरावीक सांध्यातून तुटतो. उरलेल्या खुंटात नवा पाय घडी घातल्यासारखा वाढतो. बाहेरून तो दिसत नाही. पुढची कात टाकली, की तो उलगडतो! मात्र तो थोडा लहान असतो. त्याच्या पावलाला पाचऐवजी चारच भाग असतात. कात टाकण्याच्या अगदी आधी पाय तुटला, तर त्यानंतरच्या कातीपर्यंत थांबावे लागते.

प्रौढ झुरळाचे काय? ते पुन्हा कात टाकत नाही. म्हणून त्याला नवा पायही येत नाही.

मित्रांनो, झुरळे रोगजंतू पसरवतात, म्हणून घर स्वच्छ ठेवा. पण गंमत म्हणून त्यांचे पाय तोडू नका. जिवाला इजा करणे म्हणजे अभ्यास नव्हे. कपाटामागे पोकळ कात सापडली, तर ती चिमट्याने उचला आणि तिचे पाय नीट पाहा. एखादा पाय आखूड दिसला, तर तो पूर्वी तुटून पुन्हा आलेला असू शकेल. नंतर साबणाने हात धुवायला विसरू नका.

शब्दार्थ
कात – अंगावरून गळून पडलेले जुने कवच
नवल – आश्चर्य
इजा – दुखापत

स्वाध्याय
1. झुरळाचे पिल्लू कात का टाकते?
2. प्रौढ झुरळाला नवा पाय का येत नाही?