मळ आणि विटाळ

मळ व विटाळ हे शब्द निराळे असले तरी लोकव्यवहारात त्यांची नेहमी गल्लत होते. मळ डोळ्यांस दिसतो व पाण्याने जातो. विटाळ दिसत नाही. तो कोणाच्या स्पर्शाने होतो, हे समाजाने अगोदर ठरविलेले असते. म्हणूनच रेशमी मुकटा पुष्कळ दिवस न धुताही सोवळा राहतो, आणि नुकतेच धुतलेले धोतर नुसत्या स्पर्शाने ओवळे होते.

महाडचे चवदार तळे पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली त्यास अनुसरून आपले तळे खुले ठरविले. तथापि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. मागाहून शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या घागरी तळ्यात बुडवून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. गुराढोरांच्या तोंडाने मात्र ते कधी बाटले नव्हते! उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले.

आरोग्यशास्त्राचे माप वेगळे आहे. १८८४ साली रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञास पटकीचे जंतू कलकत्त्याच्या एका तळ्यात सापडले. भोवतालचे लोक त्यातच स्नान करीत, कपडे धूत व तेच पाणी पीत. असे पाणी उकळल्याने निर्धोक होते, पंचगव्याने नव्हे.

ज्यांस पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले नाही, कोणी तरी घागरीत पाणी ओतील म्हणून जे तासन्‌तास उन्हात बसले, त्यांच्याच लुगड्याधोतरांचा मळ त्यांच्या जातीचा दोष म्हणून दाखविण्यात आला. गावाची घाण ज्यांनी वाहिली, तेच घाणेरडे ठरले. उपदेशक बंधूंनो, साबणाचा उपदेश करण्यापूर्वी त्या घरापासून विहीर किती दूर आहे, हे आपण विचारतो काय?

मार्ककृत शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय शिकविताना एक सावधगिरी बाळगावी. तेथील वाद विधिपूर्वक हात धुण्याच्या परंपरेविषयी आहे. जेवणापूर्वी हात धुऊ नयेत, असा अर्थ मुलांनी घेऊ नये. पाठ संपल्यावर मंडळीतील वडील माणसांस इतकेच विचारावे: आपल्या गावात कोणाच्या हातचे पाणी आपण अद्याप पीत नाही?