सभेतील शब्द आणि मंद श्रवण

चेन्नईतील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या उद्यानात एक विस्तीर्ण वटवृक्ष आहे. १९८९ साली वादळात त्याचे मूळ खोड उन्मळून पडले. पारंब्यांची खोडे मात्र उभी राहिली. या वृक्षाच्या छायेत पूर्वी मोठ्या सभा भरत. अशा सभेत शेवटच्या श्रोत्यापर्यंत काय पोहोचते?

उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. वक्त्यापासून २ मीटरवर ६० डेसिबेल असलेला आवाज ३२ मीटरवर ३६ डेसिबेलच उरतो. ध्वनिवर्धकाने तो वाढविता येतो. पण सभागृहात भिंतींवरून परतणारा ध्वनी अक्षरांत मिसळतो. मंद श्रवण असलेल्या मनुष्यास मग आवाज ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाहीत. त्याचे श्रवणयंत्रही शब्दांबरोबर गलबला वाढविते.

यावर उपाय आहे. सभागृहाभोवती तारेचे वेटोळे बसवून त्यातून वक्त्याच्या आवाजाबरहुकूम बदलणारा विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. अनेक श्रवणयंत्रांतील चिमुकले वेटोळे ते टिपते आणि गलबला वगळून शब्द थेट कानी पडतो. ज्यांना मुळीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी पडद्यावर अक्षरे व खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक सोयी व माहिती सर्वांस सुगम करण्यासाठी मानके ठरविणे शासनावर बंधनकारक आहे. म्हणून ही सोय उपकार नव्हे, हक्क होय. आपल्या शाळेत वा ग्रंथालयात व्याख्यान योजताना खुर्च्या मोजाव्या, तसाच हा विचारही आधीच करावा.