खडा एकच, रोगी वेगवेगळे
(आरोग्य कार्यकर्त्यांसाठी पाठ)

कमरेतून जांघेकडे कळ धावली की पाड्यावर निदान एकच होते, मुतखडा. सल्लाही एकच: टोमॅटो-पालक सोडा, बिअर प्या, खडा वाहून जाईल. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून पालकाबद्दलच्या सल्ल्यात थोडे तरी तथ्य आहे. पण साधारण दहापैकी एक खडा युरिक आम्लाचा असतो. त्याचा पालकाशी संबंध नाही, आणि बिअर तर त्याला खतपाणीच घालते.

युरिक आम्ल हा प्युरिन नावाच्या घटकांपासून शरीरात बनणारा टाकाऊ पदार्थ. १७७६ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो मूत्राशयातल्या खड्यातच प्रथम ओळखला. लघवीत हे आम्ल किती आहे यापेक्षा लघवी स्वतः किती आम्लधर्मी आहे, हे अधिक महत्त्वाचे. लघवीचा सामू ५.५ च्या खाली राहिला की ते विरघळत नाही, खडे धरते. सामू ६.५ च्या आसपास ठेवला तर झालेला खडाही हळूहळू विरघळतो. नेहमीच्या खड्यांपैकी हाच औषधाने विरघळवता येतो, म्हणून तो ओळखला तर गरीब घराचा शस्त्रक्रियेचा खर्च वाचू शकतो.

आता लघवी इतकी आम्लधर्मी का झाली, येथे रोगी वेगळे होतात.

वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेला तरुण दिवसभर घाम गाळतो, पाणी जेमतेम पितो. त्याची लघवी थोडी आणि दाट. जुनाट जुलाब असलेल्याचे, किंवा शस्त्रक्रियेने लहान आतडे पोटावर काढलेल्याचे तसेच, वर शौचावाटे क्षारही निघून जातात. याला जुलाबाचा उपचार आधी हवा.

तिसरा रोगी बाजारगावात जास्त दिसेल: पोट सुटलेला, मधुमेही. याच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही तेव्हा मूत्रपिंड अमोनिया कमी बनवते आणि लघवीतली आम्लता झाकली जात नाही. रक्तातले युरिक आम्ल अगदी ठीक असूनही खडा होतो. फ्रान्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहींच्या खड्यांपैकी सुमारे ३६ टक्के युरिक आम्लाचे निघाले. मधुमेह नसलेल्यांत ११ टक्के. म्हणून असा खडा निघाला की साखर तपासून घ्यावी. कधी कधी मधुमेहाचा पत्ता असाच लागतो.

संधिवाताचा एक प्रकार, गाऊट, ज्याला आहे (पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन सुजतो) किंवा कर्करोगावर औषधे चालू आहेत, त्याच्या शरीरात मात्र युरिक आम्लच जास्त असू शकते. अॅलोप्युरिनॉल मुख्यतः अशांसाठी. कलेजी, मटण, दारू यांवर आवर घालायचा तोही आधी यांनी. अंगावर पुरळ उठले तर ही गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठावा.

साध्या क्ष-किरण चित्रात हा खडा दिसत नाही. ‘फोटोत काही नाही’ म्हणून रोग्याला परत पाठवले असेल तर सोनोग्राफी करवून घ्या. पाणी इतके प्यावे की दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल. पोटॅशियम सायट्रेट डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. मूत्रपिंड अधू असेल तर रक्तातले पोटॅशियम घातक पातळीला जाते. खाण्याचा सोडा मनाने घेऊ नये, रक्तदाबवाल्याने तर नाहीच. सामू ७ च्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचा खडा धरू लागतो.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा रोग्याला एकच मूत्रपिंड असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. इतरांना कळ असेपर्यंत लघवी फडक्यातून गाळायला सांगा. पडलेला खडा धुऊन वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.