अडथळ्यांच्या शर्यतीची गोडी

कुस्ती आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून आपण फड पाहिलेला असतो. कोणी पट काढला, कोणी धोबीपछाड मारली, हे पोरालाही कळते. कबड्डीचे तसेच. पण चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर एखादा नवाच खेळ समोर आला, की मोठी माणसे अवघडतात. पोरे टाळ्या वाजवतात म्हणून आपणही वाजवायच्या. काय झाले ते मात्र विचारायचे नाही. विचारले तर पोरे हसतील! असे करता करता माणूस उठून जातो आणि म्हणतो, "आपल्याला नाही बुवा त्यातलं काही कळत."

वाचक बंधूभगिनींनो, अक्षरांच्या बाबतीतही आपण असेच म्हणत होतो की नाही? आज तुम्ही हे पान वाचता आहात. तेव्हा आज एक नवा खेळ समजून घेऊ. त्याचे नाव जरा अवघड आहे: स्टीपलचेस. मराठीत त्याला अडथळ्यांची शर्यत म्हणता येईल.

ही शर्यत ३००० मीटरची, म्हणजे तीन किलोमीटरची. मैदानाला साडेसात फेऱ्या होतात. सुरुवातीचा तुकडा मोकळा असतो. मग सात पुऱ्या फेऱ्या. प्रत्येक फेरीत पाच अडथळे. चार कोरडे आणि एक पाण्याचा. साता चोक अठ्ठावीस कोरडे, आणि सात पाण्याचे. सगळे मिळून पस्तीस.

पुरुषांच्या शर्यतीत अडथळा तीन फूट उंच असतो. जाड, जड लाकडाचा. लहान अंतराच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही. पाय अडकला तर माणूसच पडतो. कोणी त्यावरून उडी घेतो, कोणी वर पाय टेकवून पुढे जातो. दोन्ही चालते. बाजूने निसटणे मात्र चालत नाही. तसे केले तर शर्यतीतून बाद.

पाण्याच्या अडथळ्याच्या पलीकडे लागूनच खड्डा असतो. बारा फूट लांब. अडथळ्याजवळ तो सर्वांत खोल, आणि पुढे तळ चढत चढत जमिनीला मिळतो. म्हणून ज्याची उडी लांब, त्याला पाणी थोडे. ज्याची उडी तोकडी, तो खोल पाण्यात पडतो, त्याचा वेग मोडतो आणि बूट भिजून जड होतात. दमलेल्या पायांनी हे सात वेळा करायचे.

आमच्या वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, पाण्यात कशाला उड्या मारायच्या? कोरडी जागा सरली का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पूर्वी आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये घोडेस्वार पैज लावत. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत सरळ धाव घ्यायची. वाटेत बांध येवो, कुंपण येवो, ओढा येवो, ओलांडायचे. अशा मनोऱ्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात. पुढे माणसे पायांनी तशी शर्यत धावू लागली. बांधाच्या जागी अडथळा आला आणि ओढ्याच्या जागी खड्डा.

"म्हणजे शेतातून आडवं जाणं की!" मावशी म्हणाल्या. मला पानभर जे सांगायचे होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आता हा खेळ आपल्या किती जवळचा आहे ते पाहा. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. त्याची शाळा सहा किलोमीटर लांब. तो चालत, पळत जाई. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूतही राहिला. तो शर्यतीत धावू लागला तो २०१५ साली, सैन्यातल्या स्पर्धेत. तेव्हा त्याचे वय विशीच्या पुढे होते. अडथळ्यांची शर्यत तर त्याने त्यानंतर धरली. तिच्यात शिरला तेव्हा तोही नवखाच होता.

१९८१ साली गोपाळ सैनी यांनी या शर्यतीत भारताचा विक्रम केला होता. तो ३७ वर्षे कोणी मोडला नाही. २०१८ साली भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला.

या शर्यतीत केनिया देशाचा मोठा दबदबा. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत दर वेळी पुरुषांची तिन्ही पदके केनियाने नेली. दुसऱ्या कोणाला काही उरतच नसे. २०२२ साली बर्मिंगहॅमला ही स्पर्धा झाली. केनियाचे तिघे आणि त्यांच्यात मांडव्याचा हा गडी! केनियाचा अब्राहम किबिवोत पहिला आला. त्याची वेळ ८:११.१५. अविनाश दुसरा, वेळ ८:११.२०.

हे आकडे कसे वाचायचे? आधी मिनिटे. दोन टिंबांनंतर सेकंद. एका टिंबानंतर सेकंदाचे शंभर भाग. म्हणजे आठ मिनिटे अकरा सेकंद, आणि वर एकाचे १५ भाग, दुसऱ्याचे २०. फरक फक्त पाच भागांचा. डोळ्याचे पाते लवायला याहून जास्त वेळ लागतो. अंतरात हिशेब केला तर जेमतेम फूटभर! तीन किलोमीटर धावून, पस्तीस अडथळे ओलांडून एका फुटाने सोने गेले आणि रुपे हाती आले. हे आकडे वाचता आले नाहीत तर नुसते "दुसरा आला" एवढेच कळते. गंमत त्या पाच भागांत आहे.

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेत त्याने सोने मिळवले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तो अंतिम शर्यतीत पोहोचला. या शर्यतीत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. तिथे तो अकरावा आला.

पुरुष असे मुद्दाम लिहिले. कारण त्याच्या आधी, २०१६ साली, रिओच्या ऑलिंपिकमध्ये एक मराठी मुलगी याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली होती. ललिता बाबर, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. ती दहावी आली. माणदेश म्हणजे टँकरची वाट पाहणारा मुलूख. तिथली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत जगापुढे गेली, याचे मला फार कौतुक वाटते.

आमच्या वर्गातल्या एका बाईंची मुलगी पहाटे सडकेवर पळायला जाते. शेजारीपाजारी बोलत. बाईही रागवायच्या, "पोरीच्या जातीला हे काय थेर!" वर्गात आम्ही ललिताची शर्यत मोबाईलवर पाहिली. दोनदा पाहिली. बाई काही बोलल्या नाहीत. आठवड्याने वहीत काही आकडे लिहून आणले आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे बरोबर लिहिलंय का बघा." मुलीची रोजची वेळ होती ती. आता त्या घड्याळ घेऊन सडकेच्या कडेला उभ्या राहतात. शेजारी अजून बोलतातच. पण मुलगी पहाटे एकटी नसते.

पदक मिळाले की हार घेऊन धावणारे पुष्कळ असतात. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत अविनाश पडला. गुडघ्याला मोठी इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. तेव्हा किती जणांनी त्याची चौकशी केली? खेळाचा खरा शौकीन अशा वेळी ओळखू येतो, असे माझे मत आहे. बैल लंगडला म्हणून आपण त्याचे नाव विसरतो का?

आता पुढची शर्यत पाहाल तेव्हा सगळ्यांत पुढे कोण आहे इकडे पहिल्या दोन-तीन फेऱ्या लक्ष देऊ नका. तिथे बहुधा काही ठरत नाही. पाण्याच्या खड्ड्यापाशी नजर ठेवा. कोणाची उडी तोकडी होऊ लागली, कोण अडथळ्यापुढे पाऊल चोरतो, कोण घोळक्यात कोंडला गेल्यामुळे त्याला अडथळा दिसत नाही, हे बघा. शेवटच्या फेरीची घंटा होते, मग तुम्हाला कोणी सांगायला नको. तुम्ही आपोआप उठून उभे राहाल!

आणि ही एक वजाबाकी वहीत करून पाहा. २०१८ साली भुवनेश्वरला अविनाशची वेळ होती ८:२९.८०. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसला त्याने स्वतःचाच विक्रम पुन्हा मोडला. तिथली वेळ ८:०९.९१. सहा वर्षांत त्याने किती सेकंद कमी केले? उत्तर १९.८९ यायला हवे.