डब्याचा हिशोब आणि ओआरएम

ओआरएम म्हटलं की व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ केलेली व्याख्या आठवते : टेबलला क्लास, ओळीला ऑब्जेक्ट आणि कॉलमला ॲट्रिब्यूट मानणारा थर. पण त्याचा खरा धडा आम्हाला डबेवाल्या काकूंनी दिला!

हॉस्टेलवर डबे पोचवणाऱ्या काकूंसाठी आम्ही मिनी प्रोजेक्ट केला. पायथनचं जँगो हे फ्रेमवर्क (२००५ साली सर्वांसाठी खुलं झालेलं) घेतलं आणि चार क्लास केले : ग्राहक, पदार्थ, ऑर्डर आणि ऑर्डर-ओळ. एका ऑर्डरमध्ये अनेक पदार्थ आणि एक पदार्थ अनेक ऑर्डर्समध्ये, म्हणून मध्ये ऑर्डर-ओळ. तिच्यात फक्त नग ठेवले. दर पदार्थाच्या टेबलमध्ये आहेच, मग दोनदा कशाला? नॉर्मलायझेशन शिकलो होतो ना!

महिन्याच्या मध्यावर डबा ६० वरून ७० रुपये झाला. काकूंनी दर बदलला आणि १ तारखेपासूनची सगळी बिलं वाढली! मुलं काकूंशी भांडली. काकूंची वही मात्र बरोबर होती, कारण तिच्यात त्या त्या दिवशीचा दर लिहिलेला होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पदार्थाचा दर म्हणजे आजचा दर. ऑर्डरचा दर म्हणजे त्या दिवशीचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दोनदा लिहिणं ही पुनरावृत्ती नव्हेच. मग ऑर्डर-ओळीत दराचं फील्ड घातलं, तेही डेसिमल, फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाहीत. पदार्थ डिलीट केला तर जुन्या ओळीही जाऊ नयेत, म्हणून फॉरेन कीला ‘कॅस्केड’ऐवजी ‘प्रोटेक्ट’ लावलं. आता पदार्थ पुसता येत नाही, फक्त ‘बंद’ करता येतो.

दुसरी गंमत वेगाची. ४० ऑर्डर्सची यादी दाखवताना प्रत्येकीच्या ग्राहकाचं नाव मागितलं, तर ओआरएम गुपचूप ४१ क्वेरी पाठवतो : यादीची १ आणि ग्राहकांच्या ४०. ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लिहिलं की जॉइन होऊन एकाच क्वेरीत काम होतं.

थोडक्यात काय, तर ओआरएम आपल्यासाठी एसक्यूएल लिहितो, विचार करत नाही. कुठली गोष्ट बदलणारी आणि कुठली घडून गेलेली, हे आपणच ठरवायचं.

आणि हो, मागचे दर आम्ही रात्री बसून एकेक करून भरले... काकूंच्या वहीतूनच!