नौका दूर गेली की संदेश का तुटतो?

प्रश्न : माझी रेडिओ-नियंत्रित नौका तलावात शंभरएक मीटर गेली की ऐकेनाशी होते. ट्रान्समीटरला शक्तिवर्धक जोडावा काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला ट्रान्समीटर बहुधा निर्दोष आहे. शक्ती दुप्पट केली म्हणजे पल्लाही दुप्पट होतो, हा समज सार्वत्रिक असला तरी मोकळ्या जागेतसुद्धा दुप्पट पल्ल्यास चौपट शक्ती लागते, पाण्यालगत तर त्याहूनही अधिक; शिवाय विहित मर्यादेबाहेरच्या प्रक्षेपणास परवाना लागतो.

खरा दोष प्रायः नौकेच्या पोटातच असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शिरताच विरतात; म्हणून रिसीव्हरच्या तारेचे सुमारे ३१ मिलिमीटरचे उघडे टोक प्लास्टिकच्या नळीतून जलरेषेच्या वर, शक्य तितके उंच व उभे न्यावे, मोटार, बॅटरी आणि कार्बन फायबर यांपासून दूर ठेवावे, आणि कापू तर मुळीच नये. ट्रान्समीटर छातीच्या उंचीवर धरावा. त्याच्या अँटेनाचे टोक नौकेवर रोखू नये, कारण त्याच दिशेस संदेश सर्वांत क्षीण असतो.

संदेश तुटताच मोटार थांबेल अशी फेलसेफची तजवीज मात्र अवश्य असावी. नौका काठावर ठेवून, पंखा मोकळा फिरेल अशी उचलून धरून, ट्रान्समीटर बंद करून ती आधी पडताळून पाहावी.