आई घर विसरते

रामनवमीचा दिवस होता. शिर्डीत पाय ठेवायला जागा नव्हती. पालख्या येत होत्या. नगर-मनमाड रस्ता माणसांनी फुलला होता. दिवेलागणीला आमच्या घरात एकच गलका झाला. आई घरात नव्हती.

आईचे वय तेव्हा 82. आम्ही गल्ली पाहिली. देवळाची बाजू पाहिली. विहिरीतही डोकावून पाहिले. दोन तासांनी ती एस. टी. स्टँडवर सापडली. मांडीवर बोचके होते. बोचक्यात एक लुगडे आणि दोन भाकरी. शेजारी एक हार विकणारी बाई बसली होती. तिने आईला ओळखले होते. आईचा हात धरून तिला बसवून ठेवले होते आणि एका पोराला आमच्याकडे पिटाळले होते.

मी विचारले, "आई, कुठं निघालीस?"

"पुणतांब्याला. माझी आई वाट बघत असंल. अंधाराच्या आत घरी जायला पाहिजे."

पुणतांबे हे तिचे माहेर. तिची आई वारून 40 वर्षे झाली होती. मी चिडलो. चारचौघांत ओरडलो, "अगं, तुझी आई कधीच मेली! तुला काही कळतं का?"

आई माझ्याकडे पाहतच राहिली. मग लहान मुलीसारखी रडू लागली. आई मेल्याची बातमी तिला त्या घडीला नवीच होती. जन्मभर मी शाळेत मुलांना शिकवले. त्या दिवशी माझाच धडा चुकला. तुमचा चुकू नये म्हणून हे लिहितो.

हा हट्ट नव्हे, रोग आहे

आपल्याकडे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. कोणी म्हणतो म्हातारचळ लागला. कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, म्हातारी सोंग करते. यातले काहीच खरे नाही.

मीही साठी ओलांडली आहे. चष्मा कुठे ठेवला ते मी विसरतो. हे साधे विसरणे झाले. पण चष्मा कशासाठी असतो हेच माणूस विसरू लागला, रोजच्या वाटेवर चुकू लागला, घरच्यांना ओळखेना, तर तो रोग समजावा. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

आपला मेंदू अगदी बारीक कणांचा बनलेला असतो. त्यांना पेशी म्हणतात. या रोगात पेशी हळूहळू मरतात. 1906 साली जर्मनीत अल्झायमर नावाच्या डॉक्टरने अशा एका बाईचा मेंदू तपासला आणि त्यातील बिघाड जगापुढे मांडला. स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला त्याचेच नाव आहे. 2023 साली आलेल्या एका पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक या रोगाने आजारी आहेत. म्हणजे शंभर म्हाताऱ्यांत सातांना तरी हा रोग आहे. तेव्हा यात लाज कसली?

उघड्या पोत्यातले वरचे धान्य आधी संपते. तळचे शेवटी. आठवणींचेही तसेच. सकाळी काय खाल्ले, हे वरचे धान्य. माहेरचे अंगण, हे तळचे. म्हणून आईला सकाळची भाकरी आठवत नाही, पण पुणतांबे आठवते.

आधी डॉक्टर

भगताकडे जाऊ नका. सरकारी दवाखान्यात जा. शिर्डीत संस्थानची रुग्णालयेही आहेत. थायरॉईडचा बिघाड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, डोक्याला मार, यांनीही माणूस विसरतो. ही कारणे वेळीच कळली तर उपाय होतो. माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागला, तर लघवीचा किंवा दुसरा जंतुविकार असू शकतो. मग उशीर करू नका. अल्झायमर रोग मात्र मुळापासून बरा होत नाही. औषधाने काहींना थोडा आराम पडतो. बाकीचे औषध म्हणजे घरची माणसे.

घरी काय करावे

वाद घालू नका. "आत्ताच तर जेवलीस," असे म्हणून भांडू नका. दोन घास पुढे ठेवा. रोजचे उठणे, अंघोळ, जेवण ठरल्या वेळी करा. रात्री बारीक दिवा ठेवा. विहिरीवर झाकण घाला. गॅस, रॉकेल, कीटकनाशक हाताला लागू देऊ नका. बेड्या घालू नका, दोरीने बांधू नका. आणि समज गेलेल्या माणसाचा अंगठा कागदावर घेऊ नका, कोणाला घेऊही देऊ नका. ते पाप आहे आणि गुन्हाही आहे.

भार एकटीवर नको

आईचे सारे माझी पत्नी करी. एका रात्री ती चुलीपाशी बसून रडत होती. म्हणाली, "आत्याबाईंचं मी करीन हो. पण मला एक रात्र तरी झोपू द्या." मी खाली मान घातली. आई माझी, आणि जागरण तिचे!

दुसऱ्या दिवशी भावाला आणि बहिणीला बोलावले. वारी ठरवली. काही घरांत आईबापांची महिन्यांनी वाटणी होते. दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. या रोगात तसे करू नये. नव्या घरात माणूस अधिक गोंधळतो. आम्ही आईला हलवले नाही. भाऊ-बहीण पाळीपाळीने येऊ लागले. आईची अंघोळ बहीण घाली, रात्रीचे जागरण मी आणि भाऊ करू.

आईबापांना सांभाळणे हा नुसता धर्म नाही, 2007 पासून कायदाही आहे. मुले सांभाळत नसतील तर म्हाताऱ्यांना प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सल्ला हवा असेल तर 14567 या क्रमांकावर फोन करा.

आजही संध्याकाळ झाली की आई म्हणते, "मला घरी जायचं." मी आता ओरडत नाही. म्हणतो, "जाऊ की. आधी सांग, तुमच्या घरापुढं काय होतं?" मग ती गोदावरीचा घाट सांगते, जांभळीचे झाड सांगते. सांगता सांगता तिला झोप लागते.

आज हे करा

तुम्हाला आता लिहिता येते. घरात असे माणूस असेल तर कापडाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत त्याचे नाव, गाव आणि तुमचा फोन क्रमांक लिहा. पट्टी पदराला किंवा सदऱ्याला आतून शिवा. हरवलेल्या माणसाला तुमची चार अक्षरे घरी आणतील.

प्रश्न

1. साधे विसरणे आणि रोगाचे विसरणे यांत फरक काय?
2. लेखकाची स्टँडवर काय चूक झाली? तुम्ही असता तर काय म्हणाला असता?
3. तुमच्या घरी म्हाताऱ्या माणसाचे कोण करते? त्या माणसाला विश्रांती कधी मिळते?